उत्तरेतली एक अनुभवी शिक्षिका

हॅलिफॅक्स, १४ मार्च

क्लाइव्ह,

कागदावर लिहितेय, कारण तुझ्या ईमेलला तुझी सचिव उत्तर देते. गोड मुलगी आहे. मागच्या खेपेला मी आईच्या गुडघ्याबद्दल लिहिलं, तर तिनं "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे" असं कळवलं. म्हणून तिकीट लावून घरच्या पत्त्यावर पाठवतेय. पिप, तूच आधी उघडलं असशील तर किटली ठेव आणि बसून वाच. नवऱ्याच्या कर्तृत्वाबद्दलच आहे.

तुझा अहवाल वाचला. 'प्रौढांचे अर्धवेळ पदवीशिक्षण : एक प्रामाणिक फेरविचार.' 'प्रामाणिक' हा शब्द पाहून मी चष्मा पुसून घेतला. तीन प्रकरणं नेहमीचीच, सरकारला झोप येईल आणि खजिन्याला जाग येईल अशी. मग चौथं. तिथे एका चौकटीत, तिरक्या अक्षरांत :

'उत्तरेतील एका अनुभवी शिक्षिकेने आम्हांस सांगितले : निम्मे विद्यार्थी मध्येच सोडून जातात. कधी कधी वाटते, आपण या लोकांना फसवत तर नाही ना?'

मी ते पान बंद केलं. चहा केला. परत उघडलं. वाक्य तिथेच होतं.

हे मी तुला नाताळच्या जेवणावर सांगितलं, क्लाइव्ह. तुझ्या घरी, तुझ्या टेबलावर. टर्कीचा सांगाडा मधे होता आणि तू स्वतःच्या हातानं माझा ग्लास भरत होतास. "खरं सांग, हेझ," म्हणालास, "वर्गात नेमकं काय चाललंय? मंत्रालयात मला कुणी खरं सांगत नाही." मला वाईट वाटलं तुझं. मंत्र्यांना सल्ला देण्यात तीस वर्षं घालवलेला माणूस खऱ्यासाठी इतका उपाशी असेल असं वाटलं नव्हतं. म्हणून बोलले. वर तू हसत म्हणालास, "घाबरू नकोस, इथे आमच्या धंद्यातला नियम लागू : बोललेलं वापरायचं, बोलणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही." सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, थट्टा आहे.

नाव घेतलं नाहीस, मान्य. नियम पाळलास. नियम पाळून केसानं गळा कापता येतो हे मला माहीत नव्हतं, एवढंच.

आणि मी तिथे थांबले नव्हते. "आणि मग," म्हणाले मी, "चार-पाच वर्षांनी एखादी बाई दारात उभी राहते, हातात घरचा केक आणि अर्धा राहिलेला निबंध. आपलं काही फसवणं नव्हतं, हे तेव्हा कळतं." हे तुझ्या अहवालात कुठे आहे? तुमचा गळतीचा हिशेब प्रवेशापासून सहा वर्षांत संपतो. सातव्या वर्षी आलेली बाई तुमच्या लेखी कायमची गळालेली.

तुझी सगळी कारकीर्द मी बाहेरून पाहत आलेय, पण डोळे उघडे ठेवून. विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष असताना फी नको म्हणून कुलगुरूंच्या दालनात ठाण मांडून बसला होतास. आईनं बसनं सँडविचं पाठवली होती. पुढे फी आणली गेली तेव्हा तिला लोकांना बोचणार नाही असं नाव शोधून दिलंस तेही तूच. दोन्ही पक्षांचे मंत्री आले आणि गेले, तू आपला खुर्चीसकट तिथेच. आम्ही कुणी काही बोललो नाही. आपला क्लाइव्ह मोठा झाला, राजवाड्यात गुडघा टेकवून 'सर' होऊन आला, आईनं पेपरातला फोटो कापून फ्रिजवर लावला.

आणि प्रत्येक भाषणाची सुरुवात तीच. "माझे वडील दिवसा बस चालवत आणि संध्याकाळी पदवीचा अभ्यास करत." ज्या इमारतीत ते जात, तिच्याच दुसऱ्या मजल्यावर मी गुरुवारी वर्ग घेते. तुझा अहवाल सरकारनं उचलला तर तो वर्ग बंद होईल. हे तुला कळत नसेल असं मी मानायला तयार आहे.

मंत्र्याला एक ओळ लिही. त्या शिक्षिकेचं बोलणं अर्धंच छापलं गेलं, एवढीच. बाकी तुझ्या अहवालाला मी हात लावत नाही.

तुझी बहीण,
हेझल

ता.क. आईचा गुडघा बरा आहे.


हॅलिफॅक्स, ९ एप्रिल

क्लाइव्ह,

उत्तर आलं नाही, पिपचा फोन आला. "हेझल, क्लाइव्हसाठी हा फार नाजूक काळ आहे गं." मी विचारलं, माझ्यासाठी काय, सुट्टीचा आहे का? ती म्हणाली, तसं नाही, पण वरच्या सभागृहासाठी त्याचं नाव चाललंय, आत्ता घरातूनच काही बाहेर आलं तर बरं दिसणार नाही. म्हणजे तू आता लॉर्ड होणार. अभिनंदन. आईला अजून सांगितलं नाही. फ्रिजवर जागा करावी लागेल.

इथली बातमी अशी. गेल्या मंगळवारी प्राचार्यांनी आम्हांला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर चांगल्यातली, चॉकलेटची बिस्किटं होती, तेव्हाच मी ओळखलं. आमच्याकडे चांगली बिस्किटं वाईट बातमीलाच निघतात. म्हणाले, सरकारनं अहवाल स्वीकारलाय, अर्धवेळ पदवीचा पैसा थांबणार, सप्टेंबरपासून नवे प्रवेश नाहीत. आणि मग चष्मा लावून त्यांनी ती चौकट वाचून दाखवली. "आता आपल्यातल्याच एखादीनं कबूल केल्यावर मी काय भांडणार?" म्हणाले.

खोली भडकली. आमचा ट्रेव्हर, इतिहास शिकवतो, एरवी मेणाहून मऊ, तो उठून म्हणाला, "कोण ही बया? एकदा समोर येऊ दे!"

मी त्याच्या शेजारीच बसले होते. हातात बिस्किट होतं. ते खाल्लं.

तुझा नियम असा आहे, बघ. तू माझं नाव घेतलं नाहीस म्हणून मला "ते मी तसं म्हटलं नव्हतं" असं ओरडताही येत नाही. ओरडले तर ती बया मीच. न ओरडले तरी मीच. तुमच्याकडे ह्याला गोपनीयता म्हणतात म्हणे.

वर्गाला मात्र त्या गुरुवारी सांगून टाकलं. सगळं, तुझ्यासकट. मग जॅनिस बोलली. तुला माहीत नाही ती. शाळेच्या मुदपाकखान्यात वाढपी आहे, दोनदा वर्ग सोडून गेली, एकदा नवऱ्यापायी आणि एकदा नवऱ्याच्या आजारापायी. आता तिसऱ्यांदा आलीय.

"म्हणजे हेझल, मी त्या निम्म्यातली?"

"हो गं."

"दोनदा सोडलं, मग मी एकटीच दोन झाले का?"

"बहुतेक."

"बाई गं, मग तुमचे निम्मे भरले ते माझ्यामुळेच!"

सगळे हसले, मीही हसले. नंतर जिन्यावर तिनं मला थांबवलं आणि हळूच विचारलं, "हा तुझा सख्खा भाऊ ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग तो एकदा येऊन आम्हांला का नाही विचारत?"

मीही तेच विचारते. ये एका गुरुवारी. मागे बस. चहा मशीनचा आहे, पण गरम असतो.

आणखी एक. संसदेच्या शिक्षणसमितीचं बोलावणं आलंय मला, साक्षीला. आमच्या खासदारीणबाईंनी नाव दिलं. मी येते म्हणून कळवलंय. १७ जून. कार्यक्रमपत्रिका पाहिली तर पहिली साक्ष तुझी, दुसरी माझी. लपवून काही करायचं नाही म्हणून आधी सांगतेय. आपल्या दोघांपैकी एकानं तरी उघडपणे वागावं.

हेझल


हॅलिफॅक्स, २१ मे, रात्री

क्लाइव्ह,

तू आलास. गुरुवारी नव्हे, शनिवारी आलास, वर्ग नसताना, पण आलास. गाडीतून उतरताना अगदी बाबांसारखा एका हातानं दार धरून उतरलास. माझा निम्मा राग तिथेच गेला. हे तुला सांगू नये, पण सांगतेय.

जुन्या कापडबाजारातल्या, पीस हॉलच्या त्या कॅफेत बसलो. तू ओटचं दूध मागितलंस आणि ती मुलगी म्हणाली, "गाईचं आहे, चालेल?" आपण दोघं हसलो. किती दिवसांनी. मग तू टेबलावर दोन्ही हात ठेवलेस, मंत्र्यांपुढे ठेवत असशील तसे.

"हेझ, तू खरंच माझ्याविरुद्ध बसणार?"

"तुझ्याविरुद्ध नाही रे. तुझ्यानंतर."

"पेपरवाले असतील. भाऊ-बहीण. मजा येईल त्यांना."

"मग तूच सांगून टाक ना आधी, की ते वाक्य अर्धं होतं. मी घरी बसते. शपथ."

"अगं, एका वाक्यानं धोरण ठरत नाही. आकडे आहेत."

"मग छापलंस कशाला?"

तू खिडकीबाहेर पाहिलंस. आणि मग ते बोललास. "बाबांनी केलं की नाही पूर्ण? दोन पाळ्या बस चालवून, दोन पोरं घरात असताना? ज्याच्यात धमक असते तो पूर्ण करतो, हेझ. उरलेल्यांना आपण उगाच आशा दाखवतो."

मी गप्प झाले. तुला वाटलं, मी निरुत्तर झाले. बिल तू दिलंस, माझ्या गालाचा मुका घेतलास आणि गेलास.

तोंडावर बोलणं जमलं नाही म्हणून आता लिहितेय. क्लाइव्ह, बाबांनी पदवी पूर्ण केली नाही.

तिसऱ्या वर्षी सोडली. त्या हिवाळ्यात आई इस्पितळात होती. तू इतका लहान होतास की तुला फक्त मावशीकडची खीर आठवते. बाबांनी जाऊन नाव काढून घेतलं. रजिस्टरात ते गळालेले. तुझ्या निम्म्यातले.

पण ऐक पुढचं, हे महत्त्वाचं आहे. आई घरी आली आणि बाबा पुन्हा जायला लागले. फी नाही, परीक्षा नाही, नाव नाही. ऑग्डेन सर त्यांना मागच्या बाकावर बसू देत. दर गुरुवारी, क्वीन्सबरीची बस डेपोत लावून, गणवेशातच. निवृत्त होईपर्यंत. तू जे पाहिलंस, ते स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं वाचणं, पेन्सिलीनं खुणा, जेवताना आपल्याशी वाद घालणं, ते सगळं सोडल्यानंतरचं होतं. आपण दोघं जे काही झालो ते त्या माणसाच्या सोडल्यानंतरच्या वर्षांतून झालो. आणि त्याची त्यांना लाज नव्हती, तिळभरही नाही. "पास होऊन काय, दुसरी बस देणार आहेत का मला?" म्हणायचे.

मग खोटं कुणी पेरलं? कुणीच नाही. तू शाळेतून येऊन म्हणालास, "मी सगळ्यांना सांगितलं, माझे बाबा पदवीधर होणार." पुढे 'होणार'चं 'झाले' केव्हा झालं, कुणी पाहिलंच नाही. लीड्सला तुझं ते मोठं व्याख्यान आठवतं? तू बाबांचं सांगितलंस आणि म्हणालास, "ते आज इथे आहेत, बाबा, उभे राहा." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. बाबा उभे राहिले. परत येताना गाडीत मला म्हणाले, "काय करू हेझल? बसून राहिलो असतो तर पोराचं तोंड पडलं असतं." आणि मग इतके हसले की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

त्यांच्या मयतीच्या दिवशी तू पुन्हा तेच बोललास. आईनं माझा हात दाबला. आम्ही दोघी गप्प राहिलो.

मी हे समितीपुढे सांगणार नाही. ते माझं हत्यार नाही. फक्त तुला सांगतेय, कारण मला वाटतं, हे कळल्यावर तू ते चौथं प्रकरण पूर्वीसारखं वाचू शकणार नाहीस. 'निम्मे' म्हटलं की तुला मागच्या बाकावरचा तो गणवेश दिसेल. मग तुला मी सांगायची गरजच उरणार नाही.

हे कुठल्या नियमाखाली नाही. भावाला सांगितलंय.

तुझी,
हेझ


हॅलिफॅक्स, १९ जून

सर क्लाइव्ह,

परवा मी तुझ्या मागे, प्रेक्षकांच्या दुसऱ्या रांगेत होते. जॅनिस शेजारी होती. एका दिवसाची रजा टाकून, नवे बूट घालून आली होती. तू आत येताना माझ्याकडे पाहून हसलास. मला वाटलं, पत्र पोचलं. पोचलंच होतं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "सर क्लाइव्ह, आपल्या वडिलांचं उदाहरण आपण नेहमी देता. त्यांच्यासारख्यांचं दार हा अहवाल बंद करत नाही का?" तू पाण्याचा घोट घेतलास. आणि तेव्हा मला, काय म्हणतात ते, आशा वाटली. माझी जन्मखोड आहे ती.

"आज मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे," तू म्हणालास. "कुटुंबातल्या एका व्यक्तीकडून मला अलीकडेच कळलं, की माझ्या वडिलांनी ती पदवी कधी पूर्ण केलीच नाही. ते मध्येच गळाले. आणि ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर लपवली. ती लाज, ते ओझं घेऊन ते गेले. मी हा अहवाल त्यांच्यासाठी लिहिला आहे. पुन्हा कुणा बसचालकाला आपण न झेपणारं स्वप्न विकू नये म्हणून."

समोरच्या एका खासदारानं रुमाल काढला. मागे पेपरवाल्यांच्या बोटांचा नुसता पाऊस. जॅनिस माझ्या कानात म्हणाली, "कुटुंबातली व्यक्ती म्हणजे तूच ना?"

मागचा बाक कुठे गेला, क्लाइव्ह? गुरुवार कुठे गेले? ऑग्डेन सर? दुसऱ्या वेळीही तू बरोबर तिथेच कापलंस, 'आणि मग'च्या आधी. पहिल्यांदा माझं दुःख घेतलंस, ते मी माझ्याच तोंडानं बोलले होते, जाऊ दे. ह्या वेळी तू बाबांना लाज चिकटवलीस, जी त्यांना नव्हती. मेलेल्या माणसाला.

मग माझी पाळी. तुझी खुर्ची अजून ऊबदार होती. अध्यक्षबाई म्हणाल्या, "नोंदीसाठी आपलं नाव आणि ओळख सांगा." तिथला रिवाज तो, प्रत्येकाला विचारतात. मी घरून लिहून आणलेलं सगळं विसरले. म्हणाले, "हेझल सग्डेन. चौथ्या प्रकरणातली उत्तरेतली अनुभवी शिक्षिका मी. आणि आत्ताच्या साक्षीतली कुटुंबातली व्यक्तीही मीच."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "मग निम्मे सोडून जातात, हे आपणच म्हणालात?"

"हो, म्हणाले. आणि मग—"

आणि मग घंटा वाजली. भिंतीवरच्या घड्याळाशेजारचा दिवा लागला, मुख्य सभागृहात मतदान पुकारलं गेलं, आणि समितीतले सगळेच्या सगळे खासदार कागद तिथेच टाकून मतदानाला पळाले. रुमालवाला सगळ्यांत पुढे. मी तोंड उघडं ठेवून रिकाम्या खुर्च्यांपुढे बसले. परत आले तेव्हा निम्मेच आले. मला फार हसू आलं, पण तिथे हसायचं नसतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, वेळ संपत आली आहे, उरलेलं कृपया लेखी कळवा.

बाहेरच्या लांब दालनात तू उभा होतास. "छान बोललीस, हेझ," म्हणालास.

"मी बोललेच नाही."

"तुझ्या पत्रानं मला हलवून टाकलं, खरंच सांगतो. म्हणूनच तर मी इतकं मोकळेपणानं..." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलास. तुझे डोळे खरंच भरले होते. मी ते जवळून पाहिलं. ढोंग असतं तर सोसलं असतं रे. तुला खरंच वाटतंय, की तू बाबांना मान दिलास. माझं तुझ्याशी भांडण तिथेच संपलं. भांडायला समोर कुणी हवं ना.

जॅनिसनं तुझा हात माझ्या खांद्यावरून उचलला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, "गाडी चुकेल." गाडीला दोन तास होते.

लेखी निवेदन काल पाठवलं. पहिलंच वाक्य 'आणि मग'नं सुरू केलंय. अर्जावर विचारतात, नाव गुप्त ठेवायचं का? नाही म्हणून खूण केली. बाबांचंही पूर्ण नाव घातलंय, विल्फ्रेड सग्डेन, बसचालक, मागचा बाक. ते छापतील, संकेतस्थळावर कुठेतरी टाकतील, कुणी वाचणार नाही. वर्ग बंद होतोय, हे मला कळतं. गुरुवारी आम्ही मेथॉडिस्ट चर्चच्या वरच्या खोलीत बसणार आहोत, पदवी नाही, रजिस्टर नाही. ट्रेव्हर येतो म्हणालाय. ती बया कोण ते कळल्यावर दोन दिवस बोलला नाही, मग बिस्किटांचा पुडा घेऊन आला, साधी बिस्किटं.

तुझं पुस्तक येतंय असं पिप म्हणाली, आठवणींचं. त्यात बाबांवर एक प्रकरण असेल, त्यांच्या काही आणखी गोष्टी आठवतात का, असं तिनं तुझ्या वतीनं विचारलंय. आठवतात. पुष्कळ.

आज सकाळी आईकडे गेले होते. तिच्या घरी येणाऱ्या परिचारिकेनं कौतुकानं तिला पेपर वाचून दाखवला होता, 'बसचालक बापाची लपवलेली लाज', तुझ्या फोटोसकट. आईनं तो पेपर माझ्यापुढे सरकवला. मग माझा हात धरला आणि तुझ्याबद्दल एक वाक्य बोलली.

ते मी तुला सांगणार नाही.

हेझल सग्डेन